दहावा गोंडा

मी गळाची काठी बोलतेय. माझ्याइतकी लांब आणि नेमकी फेक दुसऱ्या कुठल्या काठीची नाही! आता खरं सांगायचं तर पाणी मी एकदाच पाहिलंय. बाकी सगळी मर्दुमकी गच्चीवरची.

माझा मालक शिंपी. त्याच्या थोरल्या भावाने, दादाने, मला हौसेने त्याच्यासाठी आणलं आणि पहिल्याच रविवारी दोघे नदीवर गेले. मालकाने मला मागे नेलं, दोरी मागे पुरती सरळ व्हायच्या आत पुढे झटकलं, आणि गळावरची पिसांची खोटी माशी पाण्याऐवजी दादाच्या टोपीत रुतली. दादा पोट धरधरून हसला. मालकाच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

"हात बसल्याशिवाय नदीचं नाव काढणार नाही," तो म्हणाला. कापडं बेतणारा माणूस. त्याने मापच ठरवलं. गच्चीच्या टोकाला जुनं ताट ठेवायचं, गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधायचा, आणि ओळीने दहा वेळा गोंडा ताटात पडला की मगच नदी.

पुढे पुढे रोज सकाळी नऊ पडायला लागले. दहाव्याला मी शेंडा जरासा वाकडा करायची. गंमत हो! मग गोंडा कधी वाळत घातलेल्या लेंग्यात, कधी शेजारणीच्या अंबाड्यात. मालकाची बायको म्हणायची, "लोकांच्या ताटात मासे, आमच्या ताटात लोकर! आणि तीही पडली तर!" मी मनातल्या मनात खिदळायची.

दादा दर रविवारी गळ घालायचा. पाण्यात नव्हे, भावाला. "चल रे, नुसता काठावर बस."

"थांब दादा, एकच राहिलाय."

अशी अकरा वर्षं गेली. मला वाटायचं, रविवारांना काय तोटा!

मग दादा यायचाच थांबला. गुडघे गेले, जिना उतरवेना. ते ऐकलं आणि माझी सगळी मस्ती जिरली. दुसऱ्या सकाळी मी अंग आवरून धरलं. दहाच्या दहा पडले. मालक मला घेऊन तसाच अनवाणी धावला.

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता, पाय उशीवर.

"दादा, दहाच्या दहा! चल नदीवर!"

चूक याच्या हाताची नव्हती, माझी होती, हे सांगायला हवं होतं.

दादाने आधी गुडघ्यांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दहा कुणी मागितले होते रे वेड्या? माझे जन्मात कधी चारच्या वर पडले नाहीत!"