दसऱ्याला घासलेली कडी

मित्रांनो, मी एक म्हातारी खिडकी आहे. राहते कॅनडातल्या लंडनला, पण जन्म माझा इंग्लंडचा. तिथे हिरव्या माळावर एका उमरावाचं घर होतं. बारा धुराडी, ओकचे जिने, आणि पावसाळी दिवसांत फेऱ्या मारायला म्हणून बांधलेलं लांबच लांब दालन. त्या दालनात मी होते. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या माझ्या काचा अगदी शंकरपाळ्यांसारख्या! पुढे खिडक्यांवर कर बसला आणि मालकाने मला विटांनी बुजवलं. शंभराहून जास्त वर्षं मी डोळे मिटून हिरवळीची स्वप्नं पाहिली.

ते घर पाडलं, तेव्हा इथल्या एका हौशी गृहस्थाने मला बोटीने आणून आपल्या तशाच घराला बसवलं. पितळेची कडीही दिली. आता त्या घराचे कॉन्डो, म्हणजे वेगवेगळे फ्लॅट झालेत. माझ्या वाट्याला उल्का, राकेश आणि त्यांची तीन वर्षांची कस्तुरी आली.

पण माझ्या फटीतून वारा यायचा. गेल्या हिवाळ्यात कस्तुरी सारखी खोकत होती. टेप लावली, प्लास्टिक लावलं. शेवटी राकेशने नवी खिडकी ऑर्डर केली. सोमवारी माणसं मला काढायला येणार होती.

शनिवारी दसरा. देवाची भांडी घासून उरलेली चिंच घेऊन उल्का माझ्यापाशी आली.

"अगं, परवा जाणाऱ्या खिडकीला चिंच?" राकेश हसला.

"जाणाऱ्या पाहुण्याला पारोसं पाठवतात का? तू तुझा लॅपटॉप पूज जा."

कस्तुरी झोपली होती तेवढ्यात उल्काने कडी लख्ख केली. कडी जिथे अडकते त्या खाचेत थरावर थर रंग साचला होता, तो केसांच्या पिनेने उकरून काढला. मग कडी ओढली. खट्ट! किती वर्षांनी मी पुरती मिटले!

संध्याकाळी हळदकुंकू वाहून तिने माझ्या कट्ट्यावर दिवा ठेवला. बाहेर वाऱ्यावर मेपलची पानं उडत होती.

"आई, लुक! फायर इज नॉट डान्सिंग!" कस्तुरीने दिव्याच्या ज्योतीकडे बोट दाखवलं.

राकेशने फटीशी हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"कमाल आहे! सोमवारचं कॅन्सल करतो. पण जानेवारीत हिला खोकला झाला, तर मी ऐकणार नाही हं!"

मित्रांनो, जुनं काही काढून टाकण्याआधी एकदा त्याच्या जवळ बसा. त्याचं कुठे अडलंय, ते हाताने चाचपून बघा.

आता जानेवारी आलाय. बाहेर उणे वीस. कस्तुरी माझ्या कट्ट्यावरच झोपली आहे. मी श्वास रोखून तिच्या खोकल्याची चाहूल घेते आहे. येत नाही.