लेथची अंघोळ

खंडेनवमीच्या सकाळी कारखान्याच्या फाटकातून रंभा पूजेचं ताट घेऊन नवऱ्यामागोमाग आत शिरली. नवरात्राचा नववा उपास होता. पण भुकेपेक्षा तिला त्याचं मशीन बघायची घाई होती.

आदल्या संध्याकाळी पूजेच्या तयारीला कामगारांच्या बायकांना बोलावलं होतं. तिचा नवरा गेनू विलायतेहून आलेली, लोखंड कातायची नवी लेथ फडक्यानं पुसत होता. तेव्हा हीच म्हणाली, "पोळ्याला बैल धुता, नांगर धुता, आन् ह्या लक्षुमीला नुसती पुसता व्हय?" दोन कळश्या ऊन पाणीही तिनंच आणून दिलं. आता बघतात तर चकचकीत लोखंडावर तांबूस गंज चढलेला. गेनूनं त्यावर झेंडूच्या माळा पसरल्या.

"साहेब फुलं उचलायचे न्हाईत ना हो?" रंभानं विचारलं.

"पूजेची फुलं कोन उचलतंय! गप उभी ऱ्हा."

शेजारच्या मशीनवरचा भिमाजी हसला. "एवढी फुलं? लेथचं लगीन हाय का काय, गेनूराव?"

गेनूनं माळ आणखी खाली ओढली.

मालक दौलतराव आले. चिंचवडच्या ज्या माळावर कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं, तिथं त्यांनी पंपांचा कारखाना उभारला होता. गेल्या साली रंभाची लेक शकू विषमज्वरातून उठली ती त्यांच्याच दवाखान्यात. त्याच माणसाच्या मशीनवर आपण पाणी ओतलं! आता नोकरी गेली तर? घरी ना बैल उरले होते, ना औत.

हळदीकुंकू वाहायला दौलतराव वाकले आणि थबकले. बोटाला लागलेला रंग कुंकवाचा नव्हता. त्यांनी माळ उचलली.

"कोणी केलं हे?"

गेनू आपल्या पायांकडे बघू लागला. रंभानं पदर सावरला.

"साहेब, पाणी म्या आणलं. ह्येंना म्याच धुवायला लावलं."

दौलतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग गेनूकडे. "आत गिअरमध्ये पाणी गेलंय?"

"ठावं न्हाई, साहेब."

"पाना आणा."

पूजेला आलेले गुरुजी चपापले. "आज हत्याराला हात लावत नाहीत, दौलतराव."

"आज दवाखाना बंद ठेवलाय का, गुरुजी? नाही ना? मग हेही तसंच."

कोट काढून ते स्वतः खाली बसले. झाकण उघडलं, तर आतलं तेल पाणी मिसळून दुधासारखं पांढरं झालेलं.

"दसऱ्यानंतर तसंच बटण दाबलं असतंस, तर गिअरचे दाते झिजून गेले असते," दौलतराव म्हणाले. "पाण्याचं तुला कळलं नाही, ते सोडून दिलं. पण गंज दिसल्यावर झाकलास कशाला? लेथवर आता भिमाजी. तू सहा महिने सगळ्या मशीनना तेल घालायचं. मग बघू."

"म्हंजी… कामावर यायचं, साहेब?"

"नाही आलास तर तेल कोण घालणार? रॉकेल आण आधी."

पूजा खोळंबली. मुहूर्त टळत होता आणि गेनू खाली मान घालून गंज पुसत होता. रंभा हळूच जवळ गेली.

"मधी कशाला बोललीस?" तो पुटपुटला.

"तुमी बोलत नव्हता म्हून."

गेनू थोडा सरकला आणि त्यानं तिला शेजारी बसायला जागा केली.