मेंढरं बसली आहेत

उमरग्याकडून सोलापूरकडे जाताना येणेगूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीची रानं लागतात. पौषातली दुपार होती. कणसं भरत आली होती आणि त्यांच्यावर पाखरांचे थवे उतरत होते, उठत होते, पुन्हा उतरत होते. एवढी देखणी दुपार शिवपुत्राच्या काचेसमोरून सरकत होती. पण त्याच्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. ते डोळे उघडे ठेवणं, एवढंच एक काम त्याच्याजवळ उरलं होतं.

काल तो पुण्याहून ट्रक रिकामा करून आला. आंघोळीला घरी जावं म्हणत होता, तर मालकांनी तसंच हुमनाबादेला पाठवलं. तिथं रात्रभर आल्याची पोती भरली जात होती, आणि तो पोती मोजत उभा होता. सकाळी निघाला तेव्हापासून फोन सुरू होता.

"कुठं हाय गाडी?"

महालिंगप्पांचा फोन नेहमी याच वाक्यानं सुरू व्हायचा. उमरग्याच्या या मालकांच्या पाच गाड्या होत्या आणि पाचही त्यांच्या फोनमध्ये ठिपके होऊन फिरत असत. गाडी दहा मिनिटं जागेवर थांबली की फोनमध्ये शिट्टी वाजायची, आणि शिट्टीपाठोपाठ मालक वाजायचे. दिवाळीतच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "आणखी एकदा उशीर झाला तर चावी दुसऱ्याच्या हातात दीन." शिवपुत्राला ती गाडी आवडायची. सहा वर्षांत तिच्या प्रत्येक आवाजाची त्याला ओळख झाली होती. ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, हा विचार त्याला सहन होत नसे. म्हणून तो थांबत नसे.

जळकोट ओलांडलं आणि डोळा लागला.

विलक्षण गोष्ट अशी, की झोपेतही तो गाडी चालवतच होता. रस्ता सरळ होता, हात चाकावर होते, सावल्या जागच्या जागी होत्या. फक्त तो रस्ता झोपेतला होता. खऱ्या रस्त्यावर कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं. घंटा खणखणल्या. डावी चाकं मुरमात उतरून थडथडली. त्यानं डोळे उघडले, चाक उजवीकडे ओढलं, ब्रेक दाबला. आरशात धुळीचा लोट दिसला आणि त्या लोटातून पळणाऱ्या लोकरीच्या पाठी. माणूस उभा होता. मेंढरं उभी होती. प्लॅस्टिकचा एक कॅन तेवढा चपटा झाला होता.

पुढं हाकेच्या अंतरावर लक्ष्मम्मांचा ढाबा होता. शिवपुत्रानं गाडी कडेला लिंबाजवळ लावली आणि खाली उतरला. तो पायरीला टेकूनच उभा राहिला.

थोड्याच वेळात मेंढपाळ येऊन पोहोचला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागं शंभरेक मेंढरं. वाटभर शिव्यांची जुळवाजुळव करत तो आला असावा, कारण पहिली शिवी चांगली लांबलचक होती. दुसरी मात्र अर्ध्यावरच थांबली. त्यानं शिवपुत्राच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"दारू पिलायस?"

"न्हाई, मामा."

"मग?"

"डोळा लागला."

"कवापासनं जागा हायस?"

शिवपुत्रानं बोटं मोजली, मध्येच चुकला आणि हात खाली सोडला. बिराप्पानं, म्हणजे त्या मेंढपाळानं, काठी बगलेत धरली. "अक्का," तो ढाब्याकडं तोंड करून ओरडला, "ह्याला बाज टाका. उभ्या उभ्या पडंल ह्यो."

तेवढ्यात फोन वाजला. लक्ष्मम्मा बाज ओढत बाहेर आल्या होत्या. त्या आणि बिराप्पा दोघंही शिवपुत्राकडं पाहू लागले. रोजचं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं: 'निघालोच मालक, चहा घेतला.' पण त्याच्या डोळ्यांपुढं तो चपटा कॅन आला.

"मालक, गाडी ढाब्यावर उभी हाय. मला चालवता चालवता झोप लागली. मानूस मेला असता."

मग मालक म्हणाले, "मेलं का कुनी?"

"न्हाई."

"मग तोंडावर पानी मार आन् निघ."

"न्हाई जमत, मालक. चावी घ्यायची तर घ्या."

स्वतःच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडल्याचं त्याला नंतर कितीतरी वेळ खरं वाटेना. मालक फोनवर गरजले, "थांब, मीच येतो," आणि फोन बंद झाला. शिवपुत्र बाजेवर टेकला. गेली सहा वर्षं ज्याला तो भीत होता ते एकदाचं घडून गेलं होतं आणि त्याच्या पोटात एक चमत्कारिक स्वस्थता पसरली होती. लक्ष्मम्मा काहीतरी विचारत होत्या. उत्तर देण्याआधीच त्याला झोप लागली.

जाग आली ती मालकांच्या आवाजानं.

"हुर्र! हुर्र! आरं उठा की!"

शिवपुत्रानं एक डोळा किलकिला केला. परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांतले महालिंगप्पा गाडीपुढं वाकून उभे होते आणि हात हलवत होते. गाडीच्या सावलीत, चाकांच्या मधोमध, हौद्याखाली, जिथं म्हणून ऊन नव्हतं तिथं मेंढरं बसली होती. शंभर तोंडं संथपणे रवंथ करत होती. एका म्हाताऱ्या मेंढीनं मालकांकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

"ए बाबा, उठीव तुझी मेंढरं. गाडी काढायची हाय."

बिराप्पा लिंबाखाली भाकरी खात होता. "दुपारच्याला बसलेलं मेंढरू उठवत न्हाईत, मालक."

"का?"

"आंग जड आस्तंय. उठीवलं तर चालतंय, पन बघत न्हाई. काट्यात पाय घालतंय, खड्ड्यात पडतंय. मग नुकसान मेंढराचं का माजं?"

"आन् माझं नुकसान?"

"तुमचं मेंढरू तिकडं बाजंवर हाय," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "ह्या मेंढरांना तरी धनगर चांगला गावलाय."

चहा पीत बसलेले दोन गडी खो खो हसले. मालकांचे कान लाल झाले. त्यांनी शिवपुत्राच्या बाजेकडं दोन पावलं टाकली. पण त्यांचाच फोन वाजला. शिवपुत्रानं घाईनं डोळा मिटून घेतला.

पुण्याचा व्यापारी होता. त्याचा आवाज बाजेपर्यंत ऐकू येत होता, "कुठं आहे गाडी?"

"आलीच की, सोलापूर गाठलं," मालक म्हणाले.

पाच मिनिटांनी पुन्हा. "मोहोळ आलं का?"

"यायलंय, यायलंय."

तिसऱ्या वेळी त्यांनी फोन हातात तसाच वाजू दिला. मिटल्या डोळ्यांनी शिवपुत्र ऐकत होता आणि त्याला अंगभर गुदगुल्या होत होत्या. मालक अगदी त्याच्यासारखंच खोटं बोलत होते. तोच घाईचा सूर, तीच ओढूनताणून आणलेली बेफिकिरी.

"कुंदर्री, मालक, बसा," लक्ष्मम्मांनी कानडी-मराठी एकत्र करून खुर्ची पुढं केली. पण बिराप्पा उठला. "बसायच्या आदी माज्यासंगं या. एक दावतो."

दोघं रस्त्यानं मागं चालत गेले. शिवपुत्र उठून बसला. दूरवर पांढरे कपडे मुरमावर ओणवे झालेले दिसत होते. बिराप्पा काठीनं चाकांच्या खुणा दाखवत होता. मग त्यानं काठी टाकली आणि मघाशी उभा होता तसा आपला पाय त्या खुणेशेजारी ठेवून दाखवला. मालक कितीतरी वेळ त्या पायाकडंच पाहत राहिले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो चपटा कॅन होता. तो कशासाठी आणला हे त्यांनाही ठाऊक नसावं. फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला.

"गाडी नळदुर्गाच्या अलीकडं उभी हाय," ते म्हणाले. "डायवर झोपलाय... न्हाई, उठवनार न्हाई... उद्या सकाळी यील माल. आलं हाय ते, दूध न्हाई फाटायला!" त्यांनी फोन बंद केला, आणि समोर जागा झालेला शिवपुत्र दिसताच ओशाळून म्हणाले, "झोप की. तुज्यासाठी खोटं बोलायचं सोडलं म्या, आन् तू उठून बसलास व्हय?"

मग त्यांनी लेकीला, महेश्वरीला फोन लावला. शिट्टीची ती करामत तिनंच फोनमध्ये बसवून दिली होती.

"ती धा मिनटाची शिट्टी काडता येती का गं?"

"येते की अप्पा. काढू?"

"काडू नको. अर्ध्या तासावर ठिव."

"पाच तासावर," लक्ष्मम्मा चुलीपाशी बसूनच ओरडल्या.

"अक्का, पाच तासांत गाडी चोरीला जाईल!"

"मग चार."

"तीन! त्याच्या म्होरं एक मिनिट न्हाई."

"ठेवली तीनवर," महेश्वरी हसत म्हणाली. "कोण आहेत ओ त्या अक्का? त्यांना घरीच घेऊन या."

उन्हं कलली तशी म्हातारी मेंढी उठली, तिनं अंग झटकलं, आणि तिच्यामागं सगळी मेंढरं, सावलीच उठावी तशी, उठली. बिराप्पानं मेंढरं मोजली आणि म्हणाला, "एक कोकरू कमी हाय." कुणी काही बोलायच्या आत महालिंगप्पा गुडघ्यांवर बसले आणि गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा सदऱ्यावर काळं वंगण होतं, डोक्यावर धूळ होती आणि छातीशी एक बें बें करणारं कोकरू होतं. ढाब्यावरची सगळी माणसं हसत होती. त्यांत सगळ्यात मोठं हसू मालकांचंच होतं.

शिवपुत्र तोंड धुऊन, पोटभर जेवून गाडीत चढला. त्याचं अंग इतकं हलकं झालं होतं की चाकाला हात लावताच त्याला गुणगुणावंसं वाटलं. मालक खिडकीपाशी आले. चावीचं नाव त्यांनी काढलं नाही.

"टेंभुर्णीच्या म्होरं आज जायचं न्हाई. तिथं झोपायचं. पहाटं निघायचं."

सहा वर्षांत त्यांनी त्याला 'म्होरं जायचं न्हाई' असं पहिल्यांदाच सांगितलं होतं. ते शब्द त्यांच्या तोंडात नवे होते, जरा अडखळले.

"आन् मालक, पहाटं जागच न्हाई आली तर?"

"तर..." महालिंगप्पांनी कोकरू दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बिराप्पाकडं पाहिलं. बिराप्पानं खांदे उडवले.

"तर उन्हं आल्यावर निघ," मालक म्हणाले आणि रस्त्यावर उभे राहून, मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत, त्याला वाट काढून देऊ लागले.