कापा तो दोर

"पीएचडी तुझी, यंत्रं तुझी. आज डेकवरचा हुकूमही तुझा. मी फक्त बघणार," असं बाईंनी सकाळीच सगळ्यांसमोर तिला सांगून टाकलं. बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक. विद्यार्थी त्यांना मागून 'भरती' म्हणत. ओहोटी कुणी पाहिलीच नव्हती. त्या नुसत्या बघत बसतील यावर जहाजावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

समुद्रतळाशी नांगरलेल्या पोलादी दोरावर, वेगवेगळ्या खोलीवर, पाण्याचं तापमान आणि खारेपणा टिपणारी यंत्रं वर्षभर टांगलेली होती. तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा होता. वरची दोन सहज हाती आली. मग दोर अडला. खाली कुणाच्या तरी टाकून दिलेल्या जाळ्यात गुंतला असावा.

लाटा वाढत होत्या. जहाज उचललं गेलं की दोर ताणून करकरायचा. वरून कप्तान ओरडला, "काय ते लवकर ठरवा! वारा फिरलाय!"

"सैल सोडा, पुन्हा ओढा," ती म्हणाली. दोनदा करून झालं. तिसऱ्या वेळी दोराचा एक पदर तुटून सपकन कठड्यावर आदळला. दोर ओढणाऱ्या विंचजवळ सगळे ज्यांना मामा म्हणत ते जुने खलाशी होते. ते वेळेवर वाकले म्हणून वाचले.

"कापा," ती पुटपुटली. मग ओरडली, "कापा तो दोर!"

"वेड लागलंय का तुला?" बाई धावत पुढे आल्या. "ते बघ, तिसरं यंत्र दिसतंय! अजून जरासं ओढलं की..."

"मामा तिथे उभे आहेत, बाई."

"तुझी पदवी लटकतेय त्या दोराला!"

"माझीच ना? मग कापा."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाई एक पाऊल मागे सरकल्या. लाट ओसरून दोर सैल पडला तसा मामांनी तो तोडला. पिवळं यंत्र क्षणभर चमकलं आणि बुडालं. ती कोपऱ्यात जाऊन ओकली. बोट लागली असेल, असं सगळ्यांनी समजुतीनं मानून घेतलं.

बंदरात पोचल्यावर तिनं धाकट्या भावाला फोन केला. "म्हणजे ताई, तुझी इतकी वर्षं खरोखरच पाण्यात गेली?" ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "अगं, गंमत केली गं," तो घाबरून म्हणत राहिला.

विद्यापीठात परतल्यावर बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"तुझ्या जागी मी असते तर ओढलं असतं. राग अजून गेलेला नाही माझा," त्या म्हणाल्या. "पण हुकूम तुझ्या हातात दिला होता, तो काढून घेतला नाही. तेवढंच जमलं मला." मग खुर्ची पुढे सरकवली. "बस. दोन यंत्रांत काय भागतंय ते बघू."

प्रबंध लांबला आणि वरच्या पाण्यापुरताच उरला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खवचटपणे विचारलं, "आणि खोल पाण्याचं काय?"

"ते मला सांगता येणार नाही, सर. दोर मीच कापायला लावला."

त्यांनी पान उलटलं आणि वरच्या पाण्यावरूनच तिला सोलून काढलं. घाम फुटला तिला, पण एकाही प्रश्नाला ती डगमगली नाही.