धरणाआधीचा नकाशा

गाव धरणात गेल्यापासून पुंजाजींना नव्या कॉलनीत स्वतःचंच घर सापडेना. मेली सगळी घरं साच्यातून काढल्यासारखी! म्हणून ते बायकोला, सिंधूताईंना घेऊन खामगावला गाडीसाठी जीपीएस घ्यायला गेले.

नव्या यंत्रांत कॉलनीचा पत्ताच नव्हता, आणि गावाच्या जागी निळं पाणी.

दुकानदारानं शेवटचं एक काढलं. "काका, याचा नकाशा धरणाआधीचा हाय. काही कामाचं नाही."

पुंजाजींनी गावाचं नाव टाकलं. बुद्धविहार दिसला, त्यामागची आपली गल्ली दिसली.

"हेच दे मले."

परतताना त्यांनी गाडी थेट पाण्याच्या काठाशी थांबवली.

"चारशे मीटर सरळ जा," यंत्र सांगत होतं.

"बंद करा ना हो थे," सिंधूताई रडवेल्या झाल्या.

पुंजाजींनी आवाज वाढवला.