वणी की वाणी?

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे आणि आज माझं डोकं तापलेलं आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला काम सांगणाऱ्या ओळी. माझ्या ओळी पर्ल भाषेत आहेत. नाशिकला द्वारका चौकाजवळ शेखरचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे मी शेकडो फोटोंची नावं एका दमात बदलते.

मला मनीषानं लिहिलं. ती तिथे अल्बम बनवायची. पोरगी भारी सावध. कॅमेऱ्यानं दिलेलं नाव काढून मी गावाचं किंवा माणसाचं नाव घालायचं, पण आधी जुनं-नवं नाव पडद्यावर दाखवायचं, आणि नव्या नावाचा फोटो तिथे आधीच असेल तर हातही लावायचा नाही, असं तिनं मला बजावलं. शेखर तेव्हा येईल त्याला माझं कौतुक सांगायचा. मग मनीषा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि मी त्याला कटकटी वाटू लागले.

गेल्या महिन्यात वणीला तेजस्विनीचं लग्न झालं. तिची आई नवसाबाई फुलांची शेती करते. ते फोटो मी 'वणी १', 'वणी २' अशी इंग्रजी अक्षरांत नावं देऊन लावून ठेवले. पुढच्याच आठवड्यात वाणी नावाच्या बाळाचं बारसं आलं. आता इंग्रजीत वणी काय नि वाणी काय, अक्षरं तीच. शेखर सगळं एकाच फोल्डरमध्ये कोंबतो. मी थांबले. या नावाचे फोटो आधीच आहेत, असं स्पष्ट लिहून दाखवलं.

"रोजचं नाटक आहे हिचं," शेखर म्हणाला आणि माझ्या थांबण्याच्या ओळीपुढे त्यानं हॅशचं चिन्ह टाकलं. हॅश लागलेली ओळ संगणक वाचतच नाही. बारशाचा एकेक फोटो लग्नाच्या फोटोला पुसून त्याच्या जागी बसला. हल्ली बारशालाही लग्नाएवढे फोटो काढतात, त्यामुळे लग्नाचा एकही फोटो उरला नाही. कॅमेऱ्याची कार्डं तर पुढच्या कामासाठी कधीच रिकामी केली होती.

नवसाबाई अल्बम न्यायला आली.

"मावशी, त्या जुन्या स्क्रिप्टनं घोळ घातला," शेखर म्हणाला.

"मला नाय कळत ते. पोरीचं लगीन परत लावू का मी?"

त्यानं परत माझ्याकडेच बोट दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मित्रांनो, 'थांब, आधी बघ' असं कोणी म्हणालं की राग येतो. येऊ द्या. पण त्याचं तोंड बंद करू नका. आज चांदवडच्या साखरपुड्याचे फोटो आले आहेत. शेखरनं मला सुरू केलं आहे. तो हॅश त्यानं अजून काढलेला नाही.