नरसिंहाचा दोर

सटवाच्या गळ्याची तारीफ उमापूरपर्यंत पोचली होती, आणि पोचवणारी त्याची बायको साखराबाईच होती. माहेरी गेली की तिला दुसरा विषय नसायचा. म्हणून त्या वर्षी नरसिंह जयंतीच्या खेळाला तिची आई छबुबाई, बहिणी, पोरंबाळं, शेजारणी असा सगळा गोतावळा बैलगाड्या भरून गावात उतरला. ऐन वैशाख, रस्ता तव्यासारखा तापलेला. पण गाण्याची हौस असली की माणसाला ऊन लागत नाही.

पंचाईत एवढीच, की सटवा यंदा गाणार नव्हता. त्याच्याकडं दोर आला होता.

अंमल निजामाचा; खेळाला पाटोद्याच्या कचेरीतून इजाजत काढावी लागायची. पण खेळ कसा करायचा हे गावच ठरवी. दुपार कलली की मारुतीच्या पारापुढं संबळ-सनई सुरू व्हायची. दिवस बुडता बुडता कडब्याचा खांब फोडून नरसिंह बाहेर यायचा आणि हिरण्यकश्यपूला मांडीवर आडवा घ्यायचा. मुखवटा चढला की नरसिंह झालेल्या बापड्याच्या अंगात वारं भरायचं, समोर कोण आहे ते त्याला कळायचं नाही. म्हणून कमरेला दोर बांधून दोघांनी मागून ओढून धरायचा. त्यातला एक हिरण्यकश्यपूचा मेहुणा असायचाच. बहिणीच्या कुंकवासाठी भाऊ लावील तेवढा जोर दुसरा कोण लावणार? दोर धरणाऱ्यानं दातांत तुळशीचं पान धरायचं आणि खेळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. गाणं तोंडात आलं की हात ढिले पडतात, असं म्हातारे सांगत.

त्या म्हाताऱ्यांतले आसारामबुवा पारावरच बसलेले असत. तरुणपणी त्यांनीही दोर धरला होता. त्यांचे दाजी त्या खेळातून वाचले, पण मान कायमची एका अंगाला पडली आणि वाचा गेली. बुवांची सख्खी बहीण मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. हे सटवानं लहानपणापासून ऐकलं होतं.

यंदा हिरण्यकश्यपू होता मोहनराव, म्हणजे सटवाच्या धाकट्या बहिणीचा, अंजनाचा, नवरा. नरसिंह नेहमीचाच, मेंढरं राखणारा बंकट. एरवी हा बंकट येणाऱ्याजाणाऱ्याची टवाळी करायचा. आज हाक मारली तर नुसता बघत होता, ओळख दाखवत नव्हता.

"बंकटचं लक्षण बरं दिसत न्हाई," दोराचा दुसरा साथीदार भारत म्हणाला. "सकाळधरनं पाणीबी घेतलं न्हाई त्यानं. ध्यान ठिव बे."

"माजी बहीण हाय तितं. मला काय सांगतो?" सटवा म्हणाला.

मोहनराव तोंडाला काजळ फासत होता. "पाव्हणं, तुमची सासुरवाडी आली म्हणं. मग आज आमचं मरण झोकात होऊ द्या," असं म्हणून तो खदखदून हसला. सटवाला ते हसणं बरं वाटलं नाही.

तेवढ्यात साखराबाई आली. "अवं, येक ध्रुपद तरी म्हणा. आई यवढ्या उन्हाची आली, मी तिला काय तोंड दाखवू?"

"दोर हाय माज्याकडं."

"दोर हातानं धरायचा, गाणं तोंडानं म्हणायचं. कावून अडतंय?"

सटवानं तिला झिडकारलं आणि पान दातांत धरलं. पण बोलणं कानात राहिलंच.

खेळ रंगला. पोरं खांद्यांवर चढली, बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत मान डोलावू लागल्या. प्रल्हादानं हाक घातली आणि खांब फुटला. बंकट बाहेर आला तो असा, की पुढच्या रांगेतली लेकरं ओरडून मागं पळाली. पहिल्याच हिसक्याला दोर सटवाच्या तळहातात रुतला. मोहनराव मांडीवर आडवा झाला, बंकटचे पंजे त्याच्या गळ्याशी गेले आणि सगळ्या गावानं ध्रुपद उचललं, "फोड खांब, आता नको लांब!"

सटवाच्या जागी गायला सुग्रीव उभा होता. वरच्या सुराला त्याचा आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. गाणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा बेसूर ऐकणं म्हणजे जिवंतपणी नरक. त्यात छबुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "आन् आमचे जावाई कुठं हायेत गाणारे? नुसतीच तारीफ का?"

बायका हसल्या. साखराबाईनं मान खाली घातली. सटवानं तोंड उघडलं.

आणि काय गायला तो! सूर असा चढला की सुग्रीव गप्प झाला, संबळवाल्याला चेव आला, माणसं उभी राहिली. "वा, जावाई, वा!" छबुबाई ओरडली. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच. गाताना त्याचा उजवा हात सवयीनं समेवर सुटत होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. भारत दोन्ही टाचा रोवून एकटाच ओढत होता आणि ओरडत होता, पण त्या कल्लोळात कोण ऐकतं?

सटवाला दिसत होत्या त्या दाजींच्या टाचा. त्या भुईवर आपटत होत्या, अगदी ठेक्यात. दाजीही ताल धरतायत म्हणून त्याला मौज वाटली. मग टाचा ठेक्याला चुकल्या. मग थांबल्या.

गाणं त्याच्या गळ्यातच मेलं. त्यानं दोर असा ओढला की बंकट उताणा पडला, मुखवटा निसटून लांब गेला. बंकट डोळे मिचकावत, कोणी झोपेतून उठवावं तसा, आपल्या हातांकडं बघत बसला.

लोकांना वाटलं, खेळ साधला. टाळ्या कडाडल्या, टोप्या उडाल्या. मेलेल्या हिरण्यकश्यपूला त्याच्या बायकोनं पाणी शिंपडून उठवायचं आणि त्यानं मिशीला पीळ देत उठायचं, ही शेवटची गंमत राहिली होती. अंजना नवं लुगडं सावरत, लाजत, तांब्या घेऊन पुढं आली. सटवाला तिला अडवायचं होतं, पण तो दोरच घट्ट धरून उभा राहिला.

तिनं पाणी शिंपडलं. बायका खिदळल्या. तिनं पुन्हा शिंपडलं, जरा जास्तच, आणि वाकून बघितलं. मग तिनं भावाकडं तोंड केलं.

"दादा," ती म्हणाली, "ह्ये उठत कावून न्हाईत?"